एक घर रिकामं हवं

"अरे, पाय! पाय सांभाळ! माझ्या वाफ्यात नाचू नकोस," बिली थर्लवेल ओरडला.

नॉर्मन हेसलपने उचललेला पाय मागे घेतला. सांगायला आला होता भलतंच, आणि उभा राहिला बिलीची भाजी बघत. कांद्याच्या कुळातलं हे लीक. त्यासाठी इंग्लंडातली ही डरहॅमकडची माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, पण सप्टेंबरचं भाज्यांचं प्रदर्शन विसरणार नाहीत. घराला कुलूप न लावणाऱ्या बिलीने वाफ्याला मात्र तारेचं कुंपण घातलं होतं. जळणारे लोक येऊन पिकावर सुरी चालवून जातात, हा इकडचा जुनाच अनुभव.

"खताला काय घालतोस रे?"

"वा! बापाने मरताना माझ्या कानात सांगितलं, ते तुला फुकटात सांगू?"

नॉर्मन कसाबसा हसला. फुटबॉल क्लबकडून बारा वर्षं दोघे डाव्या बाजूला खेळले. बिलीने पुढे उधळायचं आणि मागची निस्तरानिस्तर नॉर्मनने करायची. घरंही क्लबचीच, शेजारी-शेजारी, मधे एकच भिंत. गुडघा गेला तेव्हा क्लबने नॉर्मनला मॅनेजर केलं, कारण बाहेरचा माणूस महाग पडत होता. हौस आहे का, असं कुणी विचारलं नाही. असल्या गुडघ्याला खाणीतही कुणी घेतलं नसतं, म्हणून तोही गप्प बसला.

सकाळी आपल्या वीटभट्टीच्या ऑफिसात क्लबचे चेअरमन फेदरस्टनसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, तेव्हाच काम वाईट आहे हे त्याने ओळखलं होतं.

"नवा फॉरवर्ड सोमवारी येतोय. बायको आहे, जुळी पोरं आहेत. घर लागेल. थर्लवेल आता पळतो कुठे? चालतो."

"साहेब, महिनाभर थांबू या. त्याचं प्रदर्शन..."

"भाजीसाठी क्लब थांबवू?" साहेब हसले. मग मायेने म्हणाले, "हे बघ नॉर्मन, मॅनेजर तू आहेस, ठरव तूच. मला एक घर रिकामं हवं. त्याचं नाहीतर तुझं."

घरी बायकोने, एनिडने, सगळं ऐकून घेतलं.

"मग सांग त्याला. नाहीतर खोकी आण, आपलं सामान बांधायला घेते."

"आणि त्याच्या बायकोला, एडनाला तोंड कसं दाखवशील?"

"ते माझं मी बघेन. तू आधी तुझं तोंड उघड."

म्हणून तो इथे उभा होता. जावं तिकडे भिंतच. संतापला तो स्वतःवरच.

"बिली, तुला क्लबातून मोकळं करायचं ठरलंय."

बिलीने झारी खाली ठेवली. "कुणी ठरवलं?"

फेदरस्टनचं नाव नॉर्मनच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं, तर दोघांनी मिळून त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या आणि दोस्ती शाबूत राहिली असती. पण बिली तडक भट्टीवर गेला असता, आणि मग कुणाचं घर गेलं असतं? शिवाय बिलीचं घर निवडलं होतं नॉर्मननेच, हेही खोटं नव्हतं.

"मी."

"घर?"

"सोमवारी लागेल."

बिली वाफ्याकडे बघत राहिला. "तीनच आठवडे राहिलेत रे."

"पाणी घालायला येत जा. नव्या माणसाला मी सांगतो."

"परक्याच्या परसात?" बिलीने हात पँटला पुसले. "बरं, बॉस."

क्लबातली सगळी पोरं नॉर्मनला बॉस म्हणत. बिलीने आजवर एकदाही म्हटलं नव्हतं. आता तो डोळा मारेल, हसेल, एखादी शिवी हासडेल, म्हणून नॉर्मन वाट बघत राहिला. बिलीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एडनाने हाक मारली, "नॉर्मनचा आवाज येतोय का? चहा टाकू त्याचा?"

"नको," बिली म्हणाला. "तो निघालाय."