बंद फोनवरचा उखाणा

मित्रांनो, मी एक जुना, लाल, एक रुपयाचं नाणं गिळणारा फोन आहे. भिगवण स्टेशनजवळ सलिमाबींच्या किराणा दुकानात माझी जागा होती. काय तो माझा थाट! पुढे रांग लागायची. कुणाला पोरगी झाली, मासळीची गाडी कधी निघाली, सगळ्या बातम्या आधी माझ्या कानी. मग घरोघरी मोबाइल आले. माझी वायर कापली आणि रवानगी माळ्यावर, कांद्याच्या पोत्याशेजारी झाली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मला खाली काढलं ते सलिमाबींच्या सुनेनं, जास्मिननं. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात आणि ते बघायला परदेशी पाहुणे. म्हणून ती होडीवाल्यांना इंग्रजी बोलायला शिकवते. तिची तऱ्हाच न्यारी. दोघांना पाठीला पाठ लावून बसवते. एक पाहुणा, दुसरा होडीवाला. होडीवाल्याच्या हाती माझा रिसीव्हर. तोंड दिसत नाही, हातवारे चालत नाहीत. झक मारत बोलावंच लागतं.

माझी लाडकी झुंबर. नवऱ्याचा, बिरदेवचा, खांदा निकामी झाल्यापासून होडी तीच वल्हवते. तो काठावर बसून चहा करतो. एक सहल कंपनी फोनवर इंग्रजीत बोलून होडीवाले निवडणार होती. काम मिळालं नाही तर होडी विकायची, असं घरात ठरलं होतं.

झुंबर पक्ष्यांची नावं, वेळ, लाइफ जॅकेट, सगळं धडाधड सांगायची. पण "होडीच्या मालकाचं नाव काय?" असं इंग्रजीत विचारलं, की रिसीव्हर ठेवून द्यायची. जास्मिननं ते उत्तर वीसदा सांगून पाहिलं. छे! बाई तोंड उघडेना.

शेवटी गल्ल्यावरून सलिमाबी खेकसल्या, "अगं जास्मिन, तिला इंग्रजी येतंय. ती नवऱ्याचं नाव घेत न्हाय!"

"व्हय," झुंबर लाजून म्हणाली. "इंग्रजीत घेतलं तरी नाव त्येच की."

"मग काकू, उखाण्यात घ्या!"

कंपनीचा फोन आला तो जास्मिनच्या मोबाइलवर. झुंबरनं धीरासाठी मला छातीशी धरलं होतं. सगळं नीट चाललं, आणि आला तोच प्रश्न. तिनं मला आणखी घट्ट धरलं. आणि मग ती म्हणाली,

"ब्लू वॉटर, फ्लेमिंगो पिंक,
बिरदेवराव मेक टी, आय ड्रिंक!"

पलीकडचा माणूस खळखळून हसला. आमचे पाहुणे तुमच्याच होडीत, म्हणाला. अगं माझी बाय ती! मला इतका आनंद आजवर कुठल्याच बातमीनं झाला नव्हता.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणी नवी भाषा बोलताना अडखळलं तर हसू नका. त्याला येत नाही असंही लगेच धरून बसू नका. दम धरा, ऐकत राहा. मी जन्मभर तेवढंच केलं.

काल दुपारी दुकानात कुणी नसताना बिरदेव आला. बायकोला वीस वर्षं नुसतं "अगं ए" म्हणणारा हा माणूस. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला उचललं आणि हळूच म्हणाला, "हॅलो... माय वाइफ... नेम... झुंबर."

तेवढं तिला कुणीतरी कळवा हो. माझी वायर कापलेली आहे.