सहा नावे आणि एक आभाराची ओळ

लग्नाच्या पत्रिकेत एखाद्या आत्याबाईंचं नाव राहिलं, तर त्या घरात काय होतं हे मी सांगायला नको. पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशाला तो विषय निघतो. शोधनिबंधाचंही तसंच असतं. हैदराबादच्या ज्या संशोधन संस्थेत माझी पंचवीस वर्षं गेली, तिथे रेणूंपेक्षा नावांच्या यादीवर जास्त डोकं खर्च होई. फरक एवढाच, की पत्रिकेतल्या आत्याबाईंनी निदान नवरी पाहिलेली असते.

आचार्युलु सरांच्या टेबलावर त्या सकाळी अशीच एक यादी पडली होती. नावं सहा. पहिलं त्यांच्या विद्यार्थिनीचं, हैमवतीचं. नल्लमलाच्या जंगलातल्या एका झाडाच्या सालीतून तिने पाच वर्षं खपून एक नवा रेणू वेगळा केला होता. शेवटचं नाव खुद्द सरांचं. मधली चार नावं अशी : एक उपसंचालक, एक विभागप्रमुख, एक शेजारच्या प्रयोगशाळेतले स्नेही, त्यांनी गेल्या वर्षी आपल्या निबंधात सरांचं नाव घातलं होतं म्हणून त्याची परतफेड, आणि डॉ. वीरभद्रम. या चौघांनी तो रेणू पाहिला नव्हता, आणि ते झाड तर मुळीच नाही.

वीरभद्रम हे यंत्र समितीचे अध्यक्ष. आमच्याकडे एन.एम.आर.चं मोठं यंत्र होतं. रेणूला जबरदस्त चुंबकात ठेवून त्यातल्या एकेका हायड्रोजनला बोलतं करणारं. त्या यंत्रावर वेळ हवा तर निबंधात अध्यक्षांचं नाव घालायचं, हा रिवाज कुणी सुरू केला ठाऊक नाही. लिहिलेला कुठेच नव्हता, आणि मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

यंत्र चालवायची मात्र भ्रमराम्बा. सव्वीस वर्षं. चुंबक लोखंड ओढून घेतो म्हणून तिने इतक्या वर्षांत केसांत कधी आकडा खोचला नाही. गजरासुद्धा दोऱ्याने बांधायची. काचेची पेन्सिलीएवढी नळी आत सोडली की पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून कोणता अणू कुणाशेजारी बसलाय, हे ती गल्लीतल्या बाईने कुणाच्या घरी आज काय शिजलंय ते सांगावं तसं सांगे.

हैमवतीच्या रेणूत एक हायड्रोजन वरच्या अंगाला आहे की खालच्या, एवढाच प्रश्न उरला होता. सगळे म्हणत होते वर. पहिल्या चाचणीत काही दिसलंच नाही. भ्रमराम्बा म्हणाली, रेणू अशा वेगाने गरगरतोय की शेजाऱ्याची हाक याला ऐकूच येत नाही. थोडा थंड करून त्याला हळू फिरवू या. तीन दिवस ती यंत्रापाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी एक फिकट ठिपका उमटला, आणि हायड्रोजन खाली आहे हे सिद्ध झालं. निबंधात नवं म्हणावं असं जे काही होतं, ते हेच.

आणि तिला या निबंधावर नाव हवं होतं. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. त्याआधी बढतीची शेवटची मुलाखत. याआधी दोनदा तिला एकच प्रश्न विचारून परत पाठवलं होतं : तुमच्या नावावर निबंध किती? एकही नव्हता. तिने तोंड उघडून कधी मागितलं नव्हतं. यावेळी मात्र हैमवतीला एवढंच म्हणाली होती, "बघ जमलं तर, अम्मा." तेलुगूत लेकीच्या वयाच्या मुलीलाही मायेने अम्माच म्हणतात.

हैमवतीने सरांना विचारलं. सरांना पटलेलंच होतं. माणूस मनाने चांगला, पण पाठीचा कणा जरा मऊ. ते वीरभद्रमांच्या केबिनमध्ये गेले. येताना मान खाली होती.

"आचार्युलुगारू," वीरभद्रम आदराचं 'गारू' लावून हसत म्हणाले होते, "लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं नाव कुणी पत्रिकेत छापतं का? आज ऑपरेटर, उद्या हेलियमची टाकी ढकलणारा येईल. आणि हो, तुमच्या हैमवतीच्या प्रबंधाची फाइल माझ्याकडेच आलीय. चांगली मुलगी आहे, तिचं अडू नये."

एवढं बोलून त्यांनी पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, मागवला, आणि सरांनाही आग्रह करून खाऊ घातला.

संध्याकाळी सर ग्रंथालयात अन्वरुद्दीन साहेबांपाशी जाऊन बसले. अन्वरुद्दीन साहेबांचं कामच निराळं. कोण किती लिहितो, कोण कुणाचा संदर्भ देतो, याची ते मोजदाद करत. सरांचं रडगाणं ऐकून त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"सर, राग मानू नका. वीरभद्रम सरांचा दर नऊ दिवसांनी एक निबंध निघतो. हा माणूस जेवतो कधी, हे मला कळत नाही. आणि हे बघा, भ्रमराम्बाबाईंचे गेल्या दहा वर्षांत दोनशे बारा निबंधांत आभार मानलेत. लेखक म्हणून एकदाही नाही. आभार कुठेच मोजले जात नाहीत, मीसुद्धा मोजत नाही. हे केवळ कुतूहल म्हणून मोजले."

"मी काय करू शकतो, साहेब? मुलीची फाइल अडकलीय."

"काही करू शकत नाही, हे मला कळतं. पण एक सांगू? नाव म्हणजे नुसता मान नाही. नाव म्हणजे, उद्या कुणी विचारलं तर उत्तर कुणी द्यायचं त्याचा पत्ता. तुम्ही सहा पत्ते छापताय. त्यातल्या किती घरांत कुणी राहतं?"

तरीही निबंध गेला तो सहा नावांनिशीच. शेवटी एक ओळ : तांत्रिक साहाय्याबद्दल भ्रमराम्बा यांचे आभार.

तिची मुलाखत झाली. तोच प्रश्न, तेच उत्तर. यावेळी तर मंडळात एक सभ्य गृहस्थ होते, ते म्हणाले, सव्वीस वर्षं एवढ्या मोठ्या यंत्रावर होतात, काहीच केलं नाहीत का? दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर आली. हैमवतीला भ्रमराम्बेच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून ती आठवडाभर नमुने दुसऱ्याच्या हाती पाठवत राहिली.

निबंध छापून आला. आणि मग जपानहून पत्र आलं!

तिथल्या प्रयोगशाळेने तोच रेणू घेऊन तीच चाचणी केली होती, आणि त्यांना तो ठिपका दिसला नव्हता. पत्र नम्र होतं, पण अर्थ सरळ होता. तुम्ही हे पाहिलंत कसं ते कळवा. नाहीतर निबंध मागे घेण्याचा विचार करा.

सरांनी पत्र उरलेल्या पाचही जणांना पाठवलं. उपसंचालक दौऱ्यावर गेले. विभागप्रमुखांनी स्नेह्यांकडे बोट दाखवलं, स्नेह्यांनी वीरभद्रमांकडे. वीरभद्रम म्हणाले, "मी फक्त व्यापक मार्गदर्शन केलं होतं." हैमवतीलाही ठिपक्याचा अर्थ ठाऊक होता, पण तो नेमका कसा मिळवला ते नव्हतं. सर स्वतः निबंध उघडून बसले. त्यात लिहिलं होतं, तापमान पंचवीस अंश. आता खोलीएवढंच तापमान असेल, तर भ्रमराम्बेने रेणू थंड केला तो कुठे?

वाचकहो, आमच्याकडची एक वाईट खोड इथे कबूल करतो. निबंधातला पद्धतीचा परिच्छेद कुणी नव्याने लिहीत नाही. मागच्या निबंधातून उचलायचा, नव्यात डकवायचा. हैमवतीने तेच केलं, सरांनी न वाचता पुढे ढकललं, चौघांनी उघडलंही नाही. जिने वाचताक्षणी चूक पकडली असती, तिला मसुदा दाखवला नव्हता. ती लेखक नव्हती ना!

सर पत्र घेऊन यंत्राच्या खोलीत गेले. भ्रमराम्बेने दोनदा वाचलं, कपाटातून वही काढली, पान उघडून समोर ठेवलं. तारीख, नमुना, तापमान उणे दहा अंश, चारही दिवसांच्या नोंदी. तिने एका कागदावर कारणही लिहून दिलं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" सर म्हणाले, आणि म्हणताच शरमेने लाल झाले.

"कुणी विचारलं नाही, सर."

त्या दिवशी आचार्युलु सरांच्या आत काहीतरी तुटलं. त्यांनी नियतकालिकाला लिहिलं, की तापमान दुरुस्त करा आणि सातवं नाव घाला. उत्तर आलं : तापमान दुरुस्त होईल; नाव घालायचं तर सहाही लेखकांची सही लागेल. हैमवतीची सही होतीच, तिघांच्या सरांनी दारोदार फिरून मिळवल्या, पाचवी स्वतःची. सहावी सही वीरभद्रमांची. सर त्यांच्या दारात सहा वेळा गेले. एकदा तर हैमवतीच्या फाइलची भीतीही सोडून, आवाज चढवून बोलले. वीरभद्रम शांतपणे म्हणाले, असा पायंडा पडणं संस्थेच्या हिताचं नाही. सही झाली नाही. नाव लागलं नाही.

सरांना झोप लागेना. फेब्रुवारीत त्यांनी नव्या निबंधाचा मसुदा तयार केला, तो वीरभद्रमांचं नाव न घालता, आणि स्वतः भ्रमराम्बेच्या हातात नेऊन दिला. यादीत दुसरं नाव तिचं होतं. या क्षणाची त्यांनी किती वाट पाहिली होती! तिने उभ्याउभ्याच सगळा मसुदा वाचला. मग पेन घेऊन आपलं नाव खोडलं.

"हा नमुना डिसेंबरात लागला, सर. मी तेव्हा भाचीच्या लग्नाला राजमहेंद्रीला होते. यंत्रावर बदलीचा मुलगा होता. यातलं मला काही ठाऊक नाही. उद्या जपानहून पत्र आलं, तर मी काय सांगू?"

"पण भ्रमराम्बागारू, तुमचं एक नाव माझ्याकडून राहिलंय..."

"राहिलंय ते तिथे राहिलंय. ते इथे कसं लागेल?" तिने मसुदा परत केला. "त्या मुलाचं नाव सुब्रमण्येश्वर. त्याला विचारा, त्याने काय काय केलं ते."

वीरभद्रमांना शिव्या घालता घालता आपणही तेच करत होतो, हे सरांना तेव्हा कळलं. ज्याचं होतं त्याला दिलं नाही, आणि जिचं नव्हतं तिला खिरापत म्हणून वाटायला निघालो! ते सुब्रमण्येश्वराला शोधायला गेले. तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेत कामाच्या वह्या समोर ठेवल्याशिवाय नावांची यादी होत नाही, आणि मसुदा प्रत्येकाने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. भ्रमराम्बा मार्चमध्ये त्याच पदावरून निवृत्त झाली, ज्या पदावर ती चौदा वर्षं होती.

वाचकहो, तुमच्या कचेरीत रेणू नसतील, पण अहवाल असतील, आराखडे असतील, हिशेबाचे तक्ते असतील, आणि ते करणारं कुणीतरी कोपऱ्यात बसलेलं असेल. नाव ही कृपा करून द्यायची वस्तू नाही. ते ज्याच्या कामाचं, त्याचंच असतं. ते वेळेवर दिलं नाही, तर मागून कितीही पश्चात्ताप केला तरी देता येत नाही. म्हणून सही करण्याआधी एकदा मागे वळून विचारा, हे कुणी केलं. आज विचाराल तर उत्तर द्यायला ते माणूस तिथे आहे.