फिक्का चहा

खुशालरावनं सायकल काढली अन् अमरावतीच्या साईनगरातल्या लोकायले त्याची काळजी लागली.

खुशालराव कॅम्पातल्या एका सरकारी हापिसात बाबू. इतकी वर्सं मोटरसायकलवर जाये. पन राजापेठेपासून राजकमल चौकापर्यंत गाड्यायचा असा गुंता, की मानूस चाले कमी अन् पाय टेकून उभा राहे जास्त. एक दिवस त्याच्या बाजूनं एक दूधवाला ऑटोच्या अन् नालीच्या मधातून सायकलवर सुर्रकन निंगून गेला. खुशालराव तेथंच उभा. त्याच आठवड्यात त्यानं साधी काळी सायकल घेतली, मागं मजबूत कॅरिअर. मोटरसायकल अंगनात ताडपत्री झाकून ठेवून देली. बस, एवढंच कारन. वेळ वाचे, गुडघे मोकळे झाले, अन् खरं सांगायचं तं त्याले मजा ये.

पन एवढं कारन लोकायले पुरत नाई. कोनी स्कुटर थांबवून म्हने, "चला साहेब, सोडून देतो." कोनी आवाज बारीक करून विचारे, "गाडी बँकवाल्यायनं ओढून नेली काय?" खुशालराव सांगे, "नाई गा, सोयीचं पडते." तो समोर गेला का लोकं मागं मान हलवत.

मनकर्णाबाईले, म्हंजे त्याच्या बायकोले, हे लय लागे. पोरगी दामिनी लग्नाची. अकोल्याचं स्थळ आलं व्हतं. पोरगा पियुष, पोरीले पसंत, पोरालेबी पोरगी पसंत.

"आता ते लोकं चौकशीले येतीन," ती म्हने. "अन् तुमी त्यायले असे पायडल मारत दिसान."

"पायडलच मारून राह्यलो ना. कोनाचा खिसा तं नाई?"

चौकशी काही घरी येऊन होत नाई, ती पानठेल्यावर होते. पियुषचा बाप महादेवराव एक दिवस गुपचूप आला, अन् पुंजाजीच्या ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटाले सांगून उभा राह्यला. "खुशालराव कसे हायेत हो? सायकलवर जातानी दिसले."

पुंजाजी खुशालरावचा लंगोटी यार. त्याच्या मनात आलं, पैशाची तंगी वाटली तं सोयरिक तुटते, अन् हौस म्हटली तं कोन मानते? म्हून तो बोलला, "त्यायले शुगर हाय ना. डॉक्टरनं सायकल लावून देली. बाकी घर खातंपितं हाय." अन् दोस्ताचं काम केलं म्हून खुशीत सुपारी कातरत बसला.

पुढच्या ऐतवारी खुशालराव अन् मनकर्णाबाई पोराचं घर पाहाले अकोल्याले गेले. जठारपेठेत घर, मोठं, हवेशीर. सगळ्यायच्या ताटलीत तुपाचा शिरा आला. खुशालरावच्या ताटलीत मुरमुरे अन् काकडी. चहाचा घोट घेतला तं निस्ता काढा.

तो बायकोच्या कानात बोलला, "चिंधीचोर लोकं दिसतात. पोरगी उपाशी मारतीन."

"चूप बसा. माह्या कपात भरून साखर हाय."

तेवढ्यात पियुषची माय गोदाबाई मायेनं म्हने, "भाऊ, तुमचा चहा वेगळ्या गंजात केला. साखरेचा दानाबी नाई टाकला. बिनघोर प्या."

"काहून?"

सगळे एकमेकायकडे पाहू लागले. महादेवराव सरळ मानूस, त्यानं कप खाली ठेवला. "लपवू नोका, खुशालराव. शुगरचं आमाले समजलं. माही बहीन म्हनते, हे रक्तात असते, पोरीत उतरन. म्हून दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं."

दिवाळीपर्यंत थांबू म्हंजे काय, हे दोनी बापायले मालूम व्हतं. मनकर्णाबाईनं पदर तोंडाले लावला.

"मले शुगर नाई," खुशालराव म्हने.

"मंग सायकल?"

"सोयीची पडते."

"मंग गाडी इकली असन," महादेवराव हळूच बोलला. त्याच्या डोक्यात दोनच कप्पे. सायकलवाला मानूस एक तं बिमार, नाई तं कंगाल.

खुशालरावनं बायकोची ताटली आपल्याकडे ओढली, शिरा चाटूनपुसून खाल्ला, मंग बोलला, "उद्या सकाळी अमरावतीले या. माही गाडी तुमी चालवा, मी सायकलवर. संगंच हापिसात जाऊ."

महादेवराव आला. ताडपत्री काढली, खाली गाडी पाहून त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. पन गाडी उभी राहून राहून रुसली व्हती. बटन दाबलं, कुरकुरली. किक मारू मारू महादेवरावचा सदरा भिजला. पुंजाजी ठेला सोडून आला, त्यानंबी हात, म्हंजे पाय, लावून पाह्यला. हापिसची वेळ झाली.

"बसा," खुशालराव म्हने.

"कोठं?"

"कॅरिअरवर."

महादेवराव म्हंजे सोयाबीनचं भरलेलं पोतं. शाळा सुटल्यापासून तो कोनाच्या मागं बसला नव्हता. दोनी हातानं सीट पकडून तो निस्ता खुशालरावचा दम ऐकत व्हता, आता लागते, मंग लागते. राजापेठेत गाड्या अडकून पोंगे वाजवत. सायकल काठाकाठानं निंगाली. एका जागी जागाच नव्हती तं दोघं उतरले, सायकल हातानं काढली, पुन्हा बसले. खुशालराव सगळ्या रस्त्यानं बोलतच व्हता, हे दुकान कोनाचं, तो डॉक्टर कोन्या गावचा.

हापिसच्या फाटकापाशी महादेवराव उतरला अन् मुंग्या आलेले पाय आपटत बोलला, "तुमाले दम नाई लागला?"

"लागला ना. तुमचं वजन काय कमी हाय?"

महादेवराव हसला. टपरीवाल्याले म्हने, "दोन चहा दे. साखर जरा जास्त टाक." मंग खुशालरावकडे न पाहता बोलला, "दिवाळी लय दूर हाय. बहिनीले मी समजावतो. पोरायचं उरकून टाकू."

दिवसभर तो हापिसातल्या पंख्याखाली पेपर वाचत बसला. सुटी झाली तं सायकलचं हँडल त्यानंच धरलं. "आता तुमी मागं बसा."

साईनगरात ठेल्यावरच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे सायकल चालवनारं पाहुनं कोन?

"खुशालरावचे अकोल्याचे इवाई, दामिनीचे होनारे सासरे," पुंजाजी मान हलवत बोलला. "घर चांगलं हाय. पन त्यायलेबी शुगर निंगाली वाटते."