अळशीचा काना

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे हो, अळ्यांची! नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. पहिल्या दिवशी मीही मुरडलं असतं, पण मला नाकच नाही, आहेत ती नुसती भोकं.

तशी मी मूळची स्वयंपाकघरातलीच. पत्र्याचं गोल कडं आणि त्यात ताणून बसवलेली तारेची जाळी. पंधरा वर्षं मी कणीक चाळली. पिठात एखादी अळी निघाली की घरात केवढा गहजब! खाली पडेल ते ठेवायचं आणि वर वळवळेल ते बाहेर फेकायचं, एवढीच माझी विद्या. मग एके दिवशी सूनबाईनं मला मागच्या खोलीत नेलं, चाळलं, खाली पडलेलं बाजूला सारलं आणि वरच्या अळ्या अगदी हलक्या हातानं ट्रेमध्ये परत ठेवल्या. माझी तर मतीच गुंग झाली. म्हटलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?

घरात माणसं दोनच. अण्णा आणि त्यांची सून. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना जेवण जायचं नाही. किराणावाल्याची यादीसुद्धा दुरुस्त करून परत पाठवायचे! आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण जित्याची खोड ती.

मागच्या खोलीत फळ्यांवर ट्रे, ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा आणि कोंड्यात हजारो अळ्या. प्यायला वेगळं पाणी नाही, गाजराच्या चकत्यांतून मिळेल तेवढंच. अळ्या मोठ्या झाल्या की माझं काम. त्यांची बारीक वाळूसारखी विष्ठा माझ्यातून खाली पडते, ती कुंड्यांना जाते. वर राहिलेल्या अळ्या गोठवायच्या, वाळवायच्या, दळायच्या. ती पूड माणसांनी खायची.

सूनबाईला एकच ध्यास होता. अळीला जे खाऊ घालाल ते तिच्या अंगी उतरतं, असं ती सगळ्यांना सांगत सुटायची. शेवटी प्रसूतिगृहातल्या आहारतज्ज्ञ बाई खोली बघायला आल्या.

"ऐकायला छान वाटतं," त्या म्हणाल्या. "माझ्या कितीतरी बाळंतिणी मासे खात नाहीत. माशातल्यासारखं ते चांगलं तेल तुमच्या अळीत उतरत असेल तर मला हवंच आहे. पण नुसत्या बोलण्यावर नाही. दोन ट्रे लावा. एकाला साधा चारा, एकाला तुमचा खास. दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेत तपासू. फरक दिसला तर बिस्किटांत तुमची पूड घालू. नाही दिसला तर विषय संपला."

त्या गेल्यावर सूनबाई अण्णांना म्हणाली, "दोन वर्षं झाली, अण्णा. यात जमलं नाही तर खोली बंद करते आणि जुन्या नोकरीवर जाते."

तिचा खास चारा म्हणजे अळशीची पूड. तिच्या माहेरी अळशी म्हणतात. या घरात त्याच बियांना जवस म्हणतात. इथंच सगळं घोडं अडलं, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक! तिनं दोन पाट्यांवर पांढऱ्या खडूनं लिहिलं, 'साध्या' आणि 'अळशी', आणि ट्रेंच्या वर टांगल्या. अळशीचा डबा फळीवर ठेवला. तेवढ्यात फोन आला, बहिणीला कळा सुरू झाल्या. तिनं घाईघाईनं पिशवी भरली.

"अण्णा, कोंडा-गाजर दोन्हीकडे. आणि पाटीवर लिहिलंय ना, ते तेवढं विसरू नका!"

"लिहिलेलं विसरणारा मी नव्हे," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते भिंग घेऊन आले. पहिली पाटी वाचली. दुसरीपाशी थबकले. "अळशी? शिकली-सवरलेली मुलगी, आणि काना खाल्ला!" खिशातून निळा खडू काढला आणि ठसठशीत काना दिला. आळशी! लोक ध चा मा करतात, अण्णांनी अ चा आ केला.

"म्हणजे इकडच्या साध्या आणि तिकडच्या आळशी," ते स्वतःशीच म्हणाले. मग रोज सकाळी दुसऱ्या ट्रेची खरडपट्टी. "उठा गं! किती लोळाल? जरा हातपाय हलवा!" आणि लाकडी चमच्यानं कोंडा ढवळायचे. बिचाऱ्या अळ्या आणखी खोल दडायच्या.

आणि डबा? तो त्यांना तिसऱ्या दिवशी सापडला. चिमूटभर पूड तोंडात टाकली. "वा! पोरीनं जाताना माझ्यासाठी खमंग करून ठेवलंय." रोज दोन चमचे दह्यावर. खिळ्यावर लटकून मी सगळं बघत होते. अहो अण्णा, ते अळ्यांचं आहे, असं ओरडावंसं वाटत होतं. पण ज्या तोंडात वाराही टिकत नाही त्यातून आवाज कुठून निघणार?

पंधरा दिवसांनी सूनबाई आली ती थेट ट्रेपाशी. पाटीकडे तिनं पाहिलंही नाही. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं? तिनं दोन्ही ट्रे माझ्यातून चाळले. तीच लांबी, तीच सोनेरी चमक. माझ्या जाळीला दोन्हीकडच्या सारख्याच लागल्या. नमुने गेले आणि आठ दिवसांनी कागद आला.

तिनं तो उभ्याउभ्याच वाचला. दोन्ही रकान्यांत आकडे अगदी जुळ्या भावांसारखे. ती स्टुलावर बसली.

"हरले मी, अण्णा. काही उतरत नाही अळीत. उगाच सगळ्यांना सांगत सुटले."

तिनं डोळे पुसले, आवराआवर सुरू केली आणि अळशीचा डबा उचलला. तो हलका लागला. झाकण उघडून बघते तर तळ चकचकीत.

"अण्णा, यातली अळशी?"

"कोण आळशी?"

"अहो, या डब्यातली! जवस!"

"ते होय? मी खाल्लं की. फार छान भाजलं होतंस."

तिनं मान वर करून पाटी पाहिली. पांढऱ्या अक्षराला निळा काना. आधी तिचा चेहरा फिका पडला, मग ओठ थरथरले, आणि मग ती जी हसत सुटली ती पोट धरून खालीच बसली. अण्णांना उलगडा झाला तसे ते मात्र भिंतीला टेकले. "चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या," ते पुटपुटले, "आणि घरच्या पोरीचा घात केला."

"घात कसला, अण्णा? कागद बरोबर आहे! दोन्ही ट्रेंतल्यांनी खाल्लंच सारखं, तर निघणार सारखंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

फोनवर आहारतज्ज्ञ बाईंनाही हसू आवरेना. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "ही शेवटची संधी हं. आणि सासऱ्यांना खोलीबाहेर ठेवा."

अण्णा ऐकतात होय! "मीच घालणार," म्हणून हट्टच धरला. पुढचे चौदा दिवस ते भिंग घेऊन यायचे, सूनबाईनं लिहिलेल्या नव्या पाटीवर बोट ठेवायचे, छापखान्यात वाचत तसं मोठ्यानं वाचायचे. "अळशी. पहिला अ, काना नाही." मग मोजून पूड घालायचे. स्वतःच्या दह्यावर एक कणही नाही.

पुन्हा मी चाळलं. पुन्हा तीच लांबी, तीच चमक. म्हटलं, संपलं.

कागद आला. या वेळी अण्णांनीच भिंग लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. प्रथिनं दोन्हीकडे जवळपास सारखी. पण ते चांगलं तेल साध्यांत नावापुरतं, आणि अळशीवाल्यांत त्याच्या कितीतरी पट!

सूनबाई रडत होती, अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, आणि मी खिळ्यावर थक्क होऊन लटकत होते. खरं सांगू? तो अचंबा अजून सरलेला नाही. माझ्यातून पोत्यांनी पीठ गेलं, पण कशाचा कण म्हणून माझा झाला नाही. आणि हा बोटाच्या पेराएवढा जीव! त्याला ना वाचता येतं, ना चाखून नाव सांगता येतं. त्यानं दोन आठवड्यांत बीमधलं तेल आपलं करून घेतलं. आता तेच बिस्किटातून बाळंतिणीच्या पोटात जाईल, तिच्या दुधातून तिच्या तान्ह्याला मिळेल. एवढी मोठी गोष्ट माझ्या जाळीवरून वळवळत गेली आणि मला तिचा पत्तासुद्धा लागला नाही.

आता माझी तार कडेनं सुटली आहे. खोलीत मोठं यंत्र आलंय, ते धडाधड चाळतं. मी खिळ्यावरच असते. भंगारात द्यायचं तेव्हा द्या, पण एवढ्यात नको. मला रोज सकाळी एक गंमत बघायची असते.

माझ्या शेजारीच ती जुनी पाटी आहे. मोतीबिंदू काढल्यावर अण्णांनी त्या निळ्या कान्यावर प्रुफातली 'काढून टाका' ही खूण केली आणि बाजूला सही ठोकली. सूनबाई ती पुसू देत नाही. उलट दाराबाहेर, अण्णांच्या जेवायच्या खुर्चीवर, तिनं आणखी एक पाटी टांगली आहे. 'अण्णा – अळशी.' खाली दह्याची वाटी आणि दोन चमचे पूड.

अण्णा रोज ती पाटी वाचतात. खिशातला खडू अर्धा बाहेर काढतात, सुनेकडे बघतात, आणि खडू परत ठेवून निमूट चमचा उचलतात.