टकटक मास्तरांचे ठोके

धाकटा घाईचा माणूस. चहा गार व्हायच्या आत पिणार आणि जीभ भाजली म्हणून चहा करणाऱ्याला बोल लावणार. त्याची ताई बरोबर उलटी. तीस वर्षं तिनं छापखान्यात प्रुफं तपासली होती, आणि यंत्रानं आपोआप केलेल्या दुरुस्तीवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. एकदा कॉम्प्युटरनं एका लेखकाचं आडनाव पुस्तकभर सुधारून ठेवलं होतं, आणि बोलणी खाल्ली ती ताईनं. अशी ही दोन भावंडं, आणि त्यांच्या मध्ये एकोणनव्वद वर्षांचे बाबा. त्यांचा डावा कान कायमचा मिटला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता.

बाबा रेडिओच्या वाद्यवृंदात होते. गायचे नाहीत, व्हायोलिन नाही, बासरी नाही. ते लाकडी ठोकळा वाजवायचे. वीतभर लांबीचं पोकळ लाकूड, हातात एक काडी, आणि टक्. सगळे त्यांना टकटक मास्तर म्हणत, त्यातले निम्मे प्रेमानं. सव्वीस रेकॉर्डींत ते वाजले होते आणि एकाही पाकिटावर त्यांचं नाव नव्हतं. नाव कशाला हवं, ऐकू येतोय ना, एवढंच ते म्हणत.

कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानाला फार तर सहा महिने दिले. त्या दिवशी बाबांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. कान मिटायच्या आत सगळ्या रेकॉर्डी एकदा ऐकायच्या आहेत, म्हणाले. पण रेकॉर्ड प्लेअरचा आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हेडफोन लावून मोठा करावा तर जुन्या तबकड्यांची कडकड कानात टोचायची. तेव्हा गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची, कडकड काढायची आणि मग बाबांना ऐकवायची असं ठरलं. इथवर दोघांचं एकमत होतं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर ठिणगी पडली.

धाकट्यानं एका बटणाचं आणलं. बटण दाबा, पट्टी सरकवा, गाणं साफ. ताईनं दुसरं शोधून काढलं होतं. त्यात पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची, प्रत्येक ओरखडा रेघेवर काट्यासारखा उभा दिसायचा आणि तो एकेक करून हातानं काढावा लागायचा. तबकडीच्या एका बाजूला तीन तास लागत. धाकटा हसला. "ताई, पोतंभर तांदळातले खडे वेचत बसणार आहेस का तू?"

ताईनं त्याला शेजारी बसवलं आणि रेघ मोठी करून दाखवली. हा काटा ओरखड्याचा. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. आणि हा काटा बाबांचा, तालावर येतो. दिसायला दोघे सारखे, कान लावल्याशिवाय कळत नाही. तुझ्या त्या बटणाला कान आहेत का, असं तिनं विचारलं. धाकटा हो हो म्हणाला. हो हो म्हणताना तो फोनमध्ये बघत होता, आणि हे ताईनं पाहिलं होतं. पुढं तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

कारण पहिल्या रेकॉर्डीची अर्धी बाजूही झाली नाही तोच ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. डोळ्यावर पट्टी, तीन आठवडे पडद्याकडं बघायचं नाही. धाकटा म्हणाला, मी करतो, बाबांच्या वाढदिवसाच्या आत देतो. दुसरा इलाज नव्हता. ताईनं रेकॉर्डींची दोन्ही खोकी त्याच्या गाडीत ठेवली आणि वरच्या रेकॉर्डीवर एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: ठोके काढायचे नाहीत.

तीन आठवडे सरले, ताईची पट्टी सुटली, आणि वाढदिवसाला दुपारी धाकटा लॅपटॉप आणि नवे हेडफोन घेऊन आला. आठ दिवसांत सव्वीसच्या सव्वीस संपवल्या म्हणून त्याची कॉलर ताठ होती. बाबांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट टेबलावर तयार ठेवलं. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. बोट काही हललं नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"यात मी कुठं आहे?"

"अहो बाबा, आहात की. तुम्हालाच ऐकू कमी येतं आता," धाकटा म्हणाला, आणि वर त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

बाबांनी मान हलवली. असेल, म्हणाले, कान गेला असेल. समोरचा खाऊ कोणी उचलून नेल्यावर लहान मूल बसावं तसे ते बसले होते. ताईनं हेडफोन उचलले आणि एकामागून एक रेकॉर्ड लावून बघितली. गायिका होती, व्हायोलिनं होती, बासरी तर काल वाजवल्यासारखी स्वच्छ होती. बाबा नव्हते. जिथं टक् पडायचा तिथं गुळगुळीत शांतता होती. बटणानं त्यांना सव्वीसच्या सव्वीस रेकॉर्डींतून ओरखडा समजून वेचून काढलं होतं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण बाबांपुढं तिला तमाशा नको होता. तिनं धाकट्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. पट्टी कुठवर सरकवली होतीस? शेवटपर्यंत, म्हणाला, एकदाच काय ते स्वच्छ व्हावं म्हणून. कागद वाचलास? कसला कागद? मग ताईनं रेकॉर्डी मागितल्या, आज रात्रीपासून पुन्हा बसते म्हणाली. धाकटा सिंककडं बघायला लागला.

रेकॉर्डी त्यानं देऊन टाकल्या होत्या. आता गाणी कॉम्प्युटरवर आलीच होती, खोकी उगाच जागा अडवत होती, आणि एका मित्राला त्याच्या कॉफीच्या दुकानात भिंत सजवायची होती. ताईनं तिथल्या तिथं मित्राला फोन लावायला लावला. मित्र खुशीत होता. भिंत झकास दिसतेय म्हणाला, प्रत्येक तबकडीला दोन भोकं पाडून स्क्रूनं पक्की बसवली आहे, पडायची भीती नाही.

ताईनं फोन ओट्यावर ठेवला. हातात काही असतं तर तिनं ते फेकलं असतं. "तुला आई गेल्यावर तिची औषधं फेकायची घाई झाली होती, मी गप्प बसले," ती म्हणाली. "आज बाबा समोर बसलेत जिवंत, आणि तू त्यांना पुसून आलास. वर त्यांनाच सांगतोस की तुमचा कान गेला. लाज नाही वाटली?"

धाकटा रडवेला झाला, पण त्याच्या डोळ्यातलं पाणी बघून ताईचा राग तसूभरही उतरला नाही. उलट वाढला. चूक करून मोकळा होणारा आणि वर रडून मोकळा होणारा, दोन्ही हाच. तिनं लॅपटॉप आत आणून उघडायला लावला. मूळ गाणी ठेवली आहेस का? नव्हती, मूळ गाण्यांवरच साफ केलेली जतन केली होती. पण प्रुफं तपासणाऱ्या बाईला पानाचे कोपरेही बघायची खोड असते. तिनं त्या सॉफ्टवेअरचं एकेक खण उघडला. एका कोपऱ्यात, धाकट्यानं न वाचल्यामुळं आपोआप चालू राहिलेली एक खूण दिसली: काढलेला आवाज वेगळा ठेवा. त्याच नावाचा एक भला मोठा फोल्डर होता, आत सव्वीस रेकॉर्डींचा कचरा.

"हाच. जागा खातोय म्हणून उडवणार होतो मी," धाकटा म्हणाला.

त्याच्या आळसानं तेवढं वाचलं होतं, त्याच्या शहाणपणानं नव्हे.

हा कचरा गाण्यात परत मिसळला की गाणं होतं तसं होणार, कडकडीसकट, हे तिला कळत होतं. पण ते नंतर. आधी तिनं नुसता कचराच बाबांच्या कानाला लावला. आवाज मोठा केला, लागलं तर सांगा म्हणाली. ना गायिका, ना व्हायोलिन. कडकड, चरचर, आणि त्यातून लांबून चालत आल्यासारखा टक्. टक्. टक् टक्.

बाबांचं बोट उठलं. टेबलावर पडलं. पुन्हा उठलं. कडकडीनं एकदोनदा कपाळाला आठी पडली, पण हेडफोन काढायला ते तयार नव्हते. ताईनं तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टरांनी जपायला सांगितलेला डोळा आहे हे ती विसरूनच गेली. आयुष्यभर बाबा सगळ्यांच्या मागं वाजले होते, आज पुढं कोणी नव्हतं. एक बाजू संपली, दुसरी लागली. बाहेर दिवेलागण झाली तरी बाबा उठेनात.

मग एका जागी त्यांनी हात वर केला. थांबव. मागं घे. ताईनं मागं घेतलं. त्यांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा मागं घ्यायला लावलं. तिसऱ्यांदाही टक् त्यांच्या बोटाच्या आधीच पडला, आणि ते खुर्चीत मागं टेकले. त्या गाण्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ड्रमवाल्यानं घाई केली आणि तालाची जागा बिघडली, पन्नास वर्षं बाबा त्या ड्रमवाल्याच्या नावानं खडे फोडत आले होते. त्याच्याशी बोलणंही टाकलं होतं.

"तो नव्हता," बाबा म्हणाले. "मी चुकलोय. मी आधी आलो."

धाकटा मघापासून दारात उभा होता. त्याला वाटलं, भरपाई करायची हीच वेळ. तो पुढं आला आणि लॅपटॉपकडं हात नेत म्हणाला, "बाबा, तेवढा एक ठोका मी काढून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे."

टकटक मास्तरांचा चढा आवाज त्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता. शेजारच्यांनी त्या दिवशी ऐकला.

"हात लावशील तर याद राख. तो माझा आहे."

मग त्यांनी हेडफोन नीट केले आणि ताईला म्हणाले, "पुन्हा लाव. पहिल्यापासून."