भांड्यांचा विषय

पाण्यात थोडा वेळ राहिलं की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात आणि हात कोरडे झाले की अर्ध्या तासात जातात. चिंगीच्या बोटांना त्या शनिवारी सकाळी पडत आणि रविवारी अंधार पडेपर्यंत राहत. शनिवार-रविवारी लोहगडवाडीत ट्रेकर येतात, महिला बचत गटाच्या गाळ्यावर पिठलं-भाकरी खातात, आणि खरकटी ताटं चिंगीकडे येतात.

चिंगी त्या महिला गटाची अध्यक्ष होती. सरकारी योजनेतून गाळा हवा असेल तर गटात वंचित समाजातल्या बायका असायला हव्या होत्या. अध्यक्षच त्यांच्यातली असेल तर प्राधान्य होतं. म्हणून सचिव सरुबाई ठाकरवाडीत जाऊन चिंगीला घेऊन आल्या. चहा-भजी सांभाळणाऱ्या बिस्मिल्लाने तिला हार घातला. गाळा मिळाला. हार काढून चिंगी मोरीवर बसली, ती आठ महिने तिथेच होती.

तिला चुलीवर बसायचं होतं. तिच्या तांदळाच्या भाकरीची कड कधी चिरत नसे. शिवाय चुलीशी बसलेल्या बाईशी गिऱ्हाइकं बोलतात. मोरीकडे कोणी बघतही नाही. दर बैठकीत ती हे सांगे. सरुबाई म्हणत, "पुढच्या बैठकीत बघू." मग चिंगी चहाचे कप विसळायला जाई आणि सरुबाई इतिवृत्त लिहायला घेत.

एका सोमवारी तालुक्याहून माधवी मॅडम तपासणीला आल्या.

"चिंगे, मॅडम काय इचारतील त्याला नुसतं व्हय म्हन," सरुबाई कुजबुजल्या.

"समद्यालाच?"

"समद्यालाच."

"आन् आधी हात पूस," बिस्मिल्ला म्हणाली. "अध्यक्षाचे हात कुटं ओले असत्यात?"

मॅडमनी इतिवृत्ताची वही उघडून वाचायला सुरुवात केली. "'भांडी घासण्याचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने पुढील बैठकीपर्यंत तहकूब.' आठही महिने हेच वाक्य. चिंगीताई, ही परवानगी तुम्ही दिलीत?"

"व्हय."

सरुबाईंनी समाधानाने मान डोलावली.

"हे लिहिलं तेव्हा तुम्ही इथेच होता?"

"व्हय. मोरीवर. तितं नळाखाली काय आयकू येत न्हाई."

"म्हणजे भांडी तुम्हीच घासता?"

"व्हय."

"दर शनिवार-रविवार?"

"व्हय."

"अगं, काय व्हय-व्हय लावलंयस!" सरुबाई ओरडल्या.

"तुमीच म्हनला ना मावशी, समद्याला व्हय म्हन."

बिस्मिल्लाने पदरात तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते. सरुबाई सावरून म्हणाल्या, "मॅडम, ती आमची अध्यक्ष हाय. तिला इचारल्याबिगर आमी हितलं पानसुदीक हलवत न्हाई."

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि पेन सरुबाईंच्या हातात दिलं. "मग आत्ता विचारा. त्या सांगतील ते त्यांच्यासमोरच लिहा."

सरुबाईंनी चिंगीकडे पाहून डोळे मोठे केले. "चिंगे, भांड्यांचं... पुढच्या बैठकीत बघायचं ना?"

आता 'व्हय' म्हणायची वेळ होती. सगळ्या बायका त्याचीच वाट बघत होत्या. चिंगीने पेनाकडे पाहिलं, मग सरुबाईंकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "लिवा मावशी. भांडी पाळीनं. पैली पाळी तुमची, मंग बिस्मिल्लाभाभीची, मंग माजी. आन् या शनवारी चुलीवर मी बसनार."