रिकामे की मोकळे

काशीमीऱ्याला हायवेपासून थोडं आत, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर बबन सरांचं ऑफिस होतं. तिथे दवाखान्यात पेशंटच्या उशाशी ठेवायचं एक मशीन बनायचं. बोटाला चिमटा लावला की नाडीचे ठोके पडद्यावर दिसत. मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम सरांनी एकट्याने, कित्येक वर्षं खपून लिहिली होती. २००६ साली बेंगळुरूच्या एका कंपनीने हे मशीन घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, कोड आमच्या माणसांना वाचता आला पाहिजे.

अडचण तिथेच होती. मशीनच्या मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात. सगळे त्यांना पेज म्हणतात, सरांनी पान म्हटलं होतं. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. कुठलं पान कुठल्या अवस्थेत आहे हे सांगायला त्यांनी जी पक्की नावं ठरवली होती तीही तशीच: पान-भरलेले, पान-रिकामे, पान-मोकळे.

"ते लोक यात चुना-तंबाखू शोधत बसतील," अभिनव म्हणाला. तो मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून नुकताच इथे आला होता. "संचिता, सगळं इंग्रजी करून टाक."

संचिता गोडदेवला राहायची. सरांच्या हाताखालीच ती हे काम शिकली होती. ती एकेक नाव बदलत गेली आणि मोकळेपाशी अडली.

"अरे, रिकामे पण आहे आणि मोकळे पण आहे."

"मग? दोन्ही फ्रीच ना. सरांनी कधी हे लिहिलं असेल, कधी ते."

सर त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेले होते. संचिताने दोन्हींचं फ्री करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तपासायला घेतलं. संचिता जिना धावत चढून आली होती, तिची नाडी एकशे चार आली. मग सरांचे भागीदार दिपेशभाई बसले. त्यांनी बोट घातलं आणि पडद्यावर पुन्हा एकशे चार.

"अरे बापरे, मेरा इतना?" दिपेशभाई घाबरून उठले. तेवढ्यात आकडा सत्तरवर आला. अभिनवने बोट घातलं, तर आधी दिपेशभाईंचे सत्तर दिसले आणि मग त्याचे स्वतःचे. त्याने चिमटा बदलला, वायर बदलली. शेवटी चिमटा नुसताच टेबलावर ठेवून मशीन बंद-चालू न करता नवा पेशंट सुरू केला. पडद्यावर अभिनवची नाडी चालूच.

"टेबल जिवंत आहे," संचिता म्हणाली.

"पण आपण काहीच केलं नाहीये," अभिनव पुन्हा पुन्हा म्हणत होता. "फक्त नावं बदललीत. नाव बदलल्याने नाडी कशी बदलेल?"

सर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, रिकामे आणि मोकळे एक कसं करून टाकलंस? भाडेकरू गेला की खोली मोकळी होते. पण त्याचं सामान आतच असेल तर ती रिकामी असते का? मोकळं पान दुसऱ्याला द्यायच्या आधी पुसावं लागतं. रिकामं पुसावं लागत नाही. तू दोन्हींना एक केलंस, पुसणं राहून गेलं. जुन्या पेशंटचं सामान नव्याला दिसतंय."

मग नवी नावं शोधायला सगळे टेबलाभोवती बसले. अभिनव म्हणाला, मोकळ्याला डर्टी म्हणू. सर म्हणाले, ज्यात लिहिलंय पण अजून जतन केलेलं नाही त्या पानाला जगभर डर्टी म्हणतात, भलताच घोटाळा होईल. एकाला एम्प्टी, एकाला फ्री म्हणावं, तर त्यातलं कुठलं पुसलेलं हे खुद्द अभिनवलाच सांगता येईना.

"खाली बोलो ना," दिपेशभाई म्हणाले. "खाली मतलब खाली."

"सामानासकट खाली की सामानाशिवाय?" सरांनी विचारलं. दिपेशभाईंनी विचार केला आणि चहा सांगायला उठले.

संचिता जुना कोड उघडून बसली होती. "सर, एक विचारू? इथे तुम्ही आधी पान पुसलंय आणि मग त्याला मोकळे म्हटलंय."

सर चष्मा वर करून वाकले. "इथे रिकामे हवं होतं. नाही, थांब. मोकळेच. कारण पुढे..." ते पुढचं वाचत राहिले. मग मागे गेले. अशा आणखी जागा निघाल्या. काही ठिकाणी त्यांनी लगेच सांगितलं, दोन ठिकाणी सांगताच येईना. "हे मीच लिहिलंय?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

संचिताला ते बघवेना. "सर, वापरून मोकळं झालेलं प्रत्येक पान तिथल्या तिथे पुसूनच टाकलं तर? मग दोन नावं लागणारच नाहीत."

"मशीन स्लो होईल," अभिनव म्हणाला.

करून पाहिलं. आकडा जरासा उशिरा यायला लागला, पण ज्याचा त्याचा. "चालेल," सर म्हणाले. "दुसऱ्याची नाडी दिसण्यापेक्षा उशीर बरा." जुन्या कोडमध्ये मोकळे जिथे जिथे होतं तिथून त्यांनी ते स्वतः खोडलं. संचिताला करू दिलं नाही.

उरलेली नावं इंग्रजी झाली आणि बेंगळुरूच्या लोकांनी कोड पास केला. दिपेशभाईंनी नाक्यावरून सगळ्यांसाठी जिलेबी-फाफडा आणला. सरांनीही खाल्ला. मग हात पुसत ते संचिताच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"त्या दोन जागा. तुला काय वाटतं, मला काय म्हणायचं असेल तिथे?"

संचिताला खरंच माहीत नव्हतं. तिने त्या ओळी इतक्यांदा वाचल्या होत्या की आता दोन्ही शब्द तिला सारखेच बरोबर आणि सारखेच चूक वाटायला लागले होते.

"मशीन तर चालतंय, सर," ती म्हणाली.

"ते चालतंय गं," सर म्हणाले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. "पण परत एकदा वाच बघू. पहिल्यापासून."